चादरीचं दुसरं टोक

"लाल दिसतंय, डेलकाका," जनीन हळूच म्हणाली.

डेल व्होबोरिलने झेंड्याच्या त्रिकोणी घडीकडे पाहिलं. घडीतून फक्त निळं दिसायला हवं; पण निळ्या कापडाखालून लाल पट्टीची बोटभर कड डोकावत होती. लष्कराकडून येणारे दोन जवान बर्फात अडकले होते, म्हणून ऑर्विलच्या शवपेटीवरचा अमेरिकेचा झेंडा त्याचा जुना सोबती डेल आणि मुलगी जनीन यांनीच घडी करायला घेतला होता. चांदण्यांची निळी बाजू जनीनने धरली होती. पट्ट्यांच्या टोकाकडून डेल घड्या घालत आला होता.

"राहू दे ना पोरी. लोक गारठलेत. तुझा बाप काही उठून बघायचा नाही."

"बाबा बघतील."

डेल हसला. "हो, तो बघेल खरा. खडूस होता."

दोघांनाही फोग्टबाईंचा पियानो आठवला. व्हिएतनामहून परतल्यावर ऑर्विल आणि डेलने बाईंच्या युद्धात गेलेल्या मुलाच्या शवपेटीवरचा झेंडा घडी केला होता, आणि त्यातून लाल कड बाहेर राहिली होती. आईच्या हाती गेलेली घडी मग कुणी उघडत नाही. काचेच्या पेटीत, पियानोवर, बाई जाईपर्यंत ती तशीच राहिली. दर हिवाळ्यात ऑर्विल त्यांच्या छपरावरचं बर्फ काढून द्यायचा. कॉफीला मात्र आत कधी गेला नाही.

पुढे धान्याच्या कोठारावरची नोकरी सांभाळून गावातल्या प्रत्येक सैनिकाच्या दफनाला तो झेंडा घडी करायला जायचा. सराव घरी, परसातल्या दोरीवरच्या चादरींवर. छोटी जनीन एक टोक धरून उभी राहायची. तो पलीकडून घड्या घालत जवळ जवळ यायचा, तोंडात कपड्यांचे चिमटे, शर्टाला मक्याच्या भुशाचा वास.

"ढिलं सोडलंस तर ॲपल पाय नाही मिळायचा," तो चिमट्यांमधून पुटपुटायचा. सफरचंद भरून भाजलेला तो गोड पदार्थ तिला फार आवडायचा.

स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "ऑर्विल, हे घर आहे, बराक नाही. माणसांच्या चादरी चौकोनी असतात."

"उलगडू या," जनीन म्हणाली. "अजून कुणाच्या हाती गेलेली नाही. या वेळी तुम्ही निळं धरा."

पाद्रीबाई पुस्तकात बोट ठेवून थांबल्या. लोक पाय आपटत उभे राहिले. गाडीकडे कुणी गेलं नाही. जनीनने हातमोजे काढले आणि पट्ट्यांच्या टोकाकडून सुरुवात केली. प्रत्येक घडीला ती डेलच्या जवळ येत गेली. शेवटचं टोक तिने आत खोचलं. घडी सगळीकडून निळी होती.

डेलने ती छातीशी धरली, एक पाऊल मागे घेतलं. मग जणू जनीनने ती कधी पाहिलीच नव्हती अशा अदबीने वाकून तिच्या हातात दिली. अशा वेळी म्हणायचे ठरलेले शब्द त्याला आठवेनात.

"नीट झाली," तो म्हणाला.

सोमवारी तिने वडिलांच्या पलंगावरची चादर धुऊन दोरीवर टाकली. संध्याकाळी काढायला गेली तेव्हा दुसरं टोक तिने चिमट्यांतच राहू दिलं. अलीकडचं टोक उचललं, ताणून धरलं, आणि त्रिकोणी घड्या घालत ती दोरीकडे चालत गेली.