मुख्य चालक

ऐक ना, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. लाल रंगाचं ते एन अक्षर, आपल्याकडे नव्या चालकाने दोन वर्षं गाडीला लावायचं ते, त्याचा एक कोपरा काचेला चिकटतच नव्हता. सोर्चा अंगठ्याने दाबून धरायची, अंगठा उचलला की कोपरा हळूच वर, परत दाबायची, परत वर... आणि डोक्यात एकच, सोमवार. सोमवारपासून डोंगरापलीकडच्या वृद्धाश्रमात सकाळची पाळी, आणि गावातून पहिली बस हलते तोवर तिकडच्या म्हाताऱ्यांचा नाश्ता होऊन कपबश्यासुद्धा विसळून झालेल्या असतात. गाडी नाही तर नोकरी नाही, असं तिथल्या बाईंनी गोड आवाजात सांगितलेलं. बरं, गाडी होती की! दोन उन्हाळे कारखान्यात खेकडे सोलून, बोटांची चाळण करून घेतलेली, लहानशी, निळी, मागचं एक दार आतून न उघडणारी. परवाना होता, अजून कोरा करकरीत. नव्हता तो विमा. म्हणजे मिळत होता, नाही असं नाही, पण गाडीपेक्षा विमा महाग — घोड्यापेक्षा नाल महाग, तसलं काहीतरी.

सकाळपासून फोन चालले होते. एका कंपनीने सांगितलं, पंचविशीनंतर या. तोवर काय करू, पायी चालत मोठी होऊ का, असं ती म्हणाली, पण फोन ठेवल्यावर. दुसरी म्हणे गाडीत एक डबी बसवू, तू कधी ब्रेक मारलास, किती जोरात मारलास, सगळं ती आम्हाला कळवेल. बसवा, म्हणाली ही, माझं काय जातंय... तरी आकडा तोच, गळ्याशी येणारा.

आणि मग फिंटनकाका स्वयंपाकघरात येऊन टेकले. वडिलांचे धाकटे भाऊ, बुटांना गोठ्यातला चिखल, चहात चार चमचे साखर. त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं — विमा माझ्या नावावर काढायचा, मुख्य चालक मी, खाली दुसरी चालक म्हणून तुझं नाव, की झालं अर्ध्यात काम, या रस्त्यावरच्या झाडून सगळ्या पोरांचं असंच आहे, कंपनीचा माणूस काय कुंपणात लपून बसणार आहे बघायला? खोटं आहे ते, सोर्चा म्हणाली, उद्या काही झालं तर कंपनी हात वर करेल. काका हसले. पण खरं सांगू, तिला सलत होतं ते खोटं नव्हतंच. सलत होता तो शब्द. दुसरी.

कारण आई... आई खिडकीशी उभी राहून, सगळ्यांकडे पाठ करून बटाटे सोलत होती, आणि त्या पाठीकडे बघताना सोर्चाला घरची जुनी राखाडी गाडी आठवली, आतल्या ओल्या कुत्र्याच्या वासासकट. वर्षानुवर्षं आईनेच हाकली ती. शाळा, दवाखाना, आजीचे गुडघे, एकदा तर मागच्या सीटवर तापाने फणफणलेलं वासरू! वडील फक्त रविवारी चर्चला जाताना चालवायचे, टाय घालून. आणि तरी समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचा ना, आपल्याकडे रामराम म्हणून उचलतात तसं, ते ब्रेंडनच्या, म्हणजे वडिलांच्या, गाडीला. चालवणारीकडे न बघता. विमाही ब्रेंडनचा, आईचं नाव, नूला, त्याच्या खाली, दुसरी. मग वडील गेले. आईने कंपनीला फोन लावला, आणि सोर्चा, अकरा वर्षांची, जिन्यात बसून ऐकत होती. पलीकडून विचारलं असणार, तुमच्या स्वतःच्या नावावर अपघाताशिवाय गेलेली विम्याची किती वर्षं? आई म्हणाली, माझ्या नावावर? मग म्हणाली, एकही नाही. पन्नाशीच्या बाईला त्यांनी काल शिकलेल्या पोरीचा भाव सांगितला. महिन्याभरात गाडी विकली. तेव्हापासून आई फिंटनकाकांच्या शेजारी बसून जाते, पर्स मांडीवर, गुडघे जुळवून, पाहुणीसारखी. आणि कोणाला काही वाटत नाही. मला वाटतं. मला रोज वाटतं, सोर्चा मनात म्हणायची, मी बोलत नाही एवढंच.

तर शेवटचा फोन. आणखी एक विमा कंपनी, पलीकडे दक्षिणेतल्या कॉर्ककडचा मुलगा होता, बोलणं गाण्यासारखं हेलकावे खाणारं. फोन टेबलावर, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा. नाव झालं, पत्ता झाला, आणि त्याने विचारलं, “गाडी मुख्यतः कोण चालवणार?”

काकांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. आईची सुरी थांबली, पण ती वळली नाही.

“मी,” सोर्चा म्हणाली. एवढंच... पण कसं सांगू तुला, तो शब्द तोंडातून गेला आणि तिला वाटलं आपण पहिल्यांदाच उंच झालो. मी. माझी गाडी, माझी चूक झाली तर माझी चूक, माझी वर्षं माझ्या नावावर. बोट उचलायचं तर मला बघून उचला.

“बापावर गेलीस,” काका म्हणाले.

“छे,” आई पाठमोरीच म्हणाली, “त्याला कुठे एवढी धमक होती.”

मग आकडा आला. काकांनी चहा संपवला, म्हणाले बस आता उंबऱ्यावर. सोर्चाला एवढे पैसे जमणारच नव्हते. तो मुलगा भला असावा, म्हणाला, घरात कोणी मुरलेलं आहे का, परवाना असलेलं, जे अधूनमधून खरंच गाडी चालवेल? त्यांचं नाव तुमच्या खाली घातलं तर बरंच उतरतं.

आईने हात पुसले. “आहे ना. माझा परवाना चालू आहे.”

सोर्चा बघतच राहिली. गाडी नाही, घोडं नाही, आणि ही बाई कोणाला न सांगता परवाना नवा करून आणत होती.

मुलाने विचारलं, खरंच चालवाल ना? चालवीन की, आई म्हणाली, रविवारी, आणि मनात आलं तर समुद्रापर्यंत. तिच्या मानेवर लाली चढली होती.

“आई, पण परत दुसरी?” सोर्चाने फोनवर हात ठेवून विचारलं. “आणि या वेळी माझ्या खाली?”

“घाल गं,” आई म्हणाली. “मला सवय आहे.”

सवय. बघ, इतका वेळ राग कसा मस्त ताठ उभा होता, कंपनीवर, काकांवर, मेलेल्या माणसावर सुद्धा, आणि एका शब्दाने तो वळून सोर्चाकडेच बघायला लागला. हो म्हटलं तर सोमवारी नोकरी, पण मग मी ब्रेंडनच ना, फक्त टाय न घातलेला? नाही म्हटलं तर आईच्या हाताला परत स्टिअरिंग लागणार कधी? आणि आई तर तिच्याकडे बघतही नव्हती, खिडकीतून त्या निळ्या गाडीकडे बघत होती, डावा पाय फरशीवर क्लच दाबल्यासारखा हळूच खाली, हळूच वर... हे देणं होतं की मागणं, काही कळायला मार्ग नव्हता. सोर्चाला वाटलं तिला विचारावं, आणि वाटलं विचारलं तर ती पाय थांबवेल.

“मग घालू ना नाव?” पलीकडून मुलाने विचारलं.

सोर्चाने फोनवरचा हात काढला, तोंड उघडलं... तू सांग, तिच्या जागी तू काय म्हटलं असतंस?