अडवलेलं इंजेक्शन

बोकसून आजींचे ओठ बघता बघता सुजले आणि घशातून शीळ वाजावी तसा आवाज येऊ लागला. मिरानने आधी औषध घातलेलं सलाईन बंद केलं, मग धावत जाऊन ॲड्रेनलिन आणून टोचलं. आजींचा श्वास मोकळा झाला.

मोक्पो बंदराजवळच्या त्या छोट्या इस्पितळात मिरान कित्येक वर्षं नर्स होती. आजवर कुणाशी आवाज चढवून बोलली नव्हती.

"खेकडा खाल्ला असेल," इस्पितळाचे मालक डॉक्टर प्यो म्हणाले. "मासळीबाजारातली बाई. दुसरं काय असणार?"

"सकाळपासून उपाशी आहेत त्या, साहेब. ही अँटिबायोटिकची पेटी आजच फोडलीय. मघाशी खिडकीजवळच्या बाईंनाही हे दिल्यावरच पित्ती उठली. सरकारी औषध सुरक्षा केंद्राला कळवायला हवं."

"म्हणजे उद्या चौकशी, परवा पेपरात नाव! औषधानंच झालं, याला पुरावा आहे तुमच्याकडे?"

"नाही. पुरावा केंद्रवाले शोधतील. आपण संशय आला की सांगायचं."

"ते मी बघतो. तुम्ही छा आजोबांचं इंजेक्शन द्या आधी."

छा आजोबा बाही वर करून बसलेच होते. ट्रेमध्ये त्याच पेटीतली बाटली होती. मिरानने ट्रे उचलला, पेटीसकट कपाटात ठेवला आणि कुलूप घातलं. मग प्योंच्या देखत केंद्राला स्पीकरवर फोन लावला. नंबर दोनदा चुकला; तिसऱ्यांदा लागला.

"बॅच नंबर सांगता?" पलीकडच्या मुलीने विचारलं. मिरानने वाचून दाखवला. पलीकडे की-बोर्ड खडखडला. "सकाळी दुसऱ्या एका इस्पितळातूनही हाच आलाय. एका फोनवरून आम्हाला काही ठरवता येत नव्हतं. वापरू नका. आम्ही सगळीकडे कळवतोय."

प्योंनी ऐकलं. आजोबांना दुसरं औषध लिहून दिलं. संध्याकाळी मिरानला त्यांचा निरोप आला: उद्यापासून वॉर्डात यायचं नाही, नोंदणीच्या खिडकीवर बसायचं.

छा आजोबा बरे होऊन घरी निघाले, तेव्हा ती तिथेच होती. साध्या कपड्यांत, मास्क लावलेली. त्यांनी ओळखलं नाही.

"ती एक नर्स होती बघ, माझं इंजेक्शनच घेऊन पळाली! अंगात ताप, अन् मी आपला दंड उघडा टाकून बसलोय! असली माणसं ठेवतात कशाला?"

"थंडी वाजली असेल ना तुम्हाला, आजोबा?"

"मग? वाजणारच!"

बाहेर समुद्राचा वारा सुटला होता. मिरान खिडकीमागून उठून पुढे आली आणि तिने त्यांच्या कोटाचं गळ्याजवळचं बटण लावून दिलं.