एक बोट जास्त

मी रुमाल बोलतोय. नाक पुसून खिशात चुरगळतात तो रुमाल मी नव्हे. डोक्याला बांधला तर पटका होईल आणि खांद्यावर टाकला तर उपरणं वाटेल, असा मी ऐसपैस आहे. अंग पांढरं, काठ लाल. इचलकरंजीच्या ज्या विणकरानं मला मागावरून उतरवलं, त्यानं माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "जाशील एखाद्या मोठ्या खांद्यावर." खांदा मोठाच मिळाला. हातांचं मात्र तो काही बोलला नव्हता.

सांगलीच्या हळदपेठेत लालासाहेबांची अडत होती. पहाटे अंघोळ, मग गंध, मग मी. मला खांद्यावर टाकल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नसत. लोकांना वाटायचं, शोभेसाठी. पण पेठेतल्या माणसाला ठाऊक असतं की अडत्याचा रुमाल हे त्याचं हत्यार असतं.

आमच्याकडं भाव तोंडानं सांगत नाहीत. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसतात, हातात हात देतात आणि वरून रुमाल टाकतात. वर तोंडं पावसापाण्याच्या गप्पा मारतात, खाली बोटं भांडतात. जितकी बोटं दाबली तितका भाव. मूठ आवळली की सौदा पक्का. हात झटकला की सौदा मोडला. शेजारी बसलेल्याला कशाचा पत्ता लागत नाही. झाकणं हेच माझं काम, आणि ते मी चोख करत आलो. आजवर एकाचाही भाव दुसऱ्याला सांगितला नाही. इथंही सांगणार नाही, कुणी वाट बघू नका.

लालासाहेबांचा एक नेम होता. पहिल्या भावाला मूठ आवळायची नाही. समोरच्यानं कितीही चांगला भाव दिला तरी आपली तर्जनी पुढं करून एक बोट जास्त मागायचं. "एक बोट वाढवलं न्हाई तर अडत्या कसला?" असं ते म्हणत आणि मिशीतल्या मिशीत हसत.

त्यांना एकच लेक, अंबू. लहानपणी ती अडतीवर येऊन त्यांच्या गादीवर बसायची. लालासाहेब तिचा चिमुकला हात हातात घेऊन मला वर टाकायचे. "सांग अंबे, किती?" अंबू डोळे मिटून बोटं ओळखायची आणि लगेच स्वतःचं एक बोट वाढवायची. पेठभर हशा पिकायचा. तिचा हात माझ्याखाली आला की मला धंद्याचा विसर पडायचा.

या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. लालासाहेबांचे आजोबा जतकडच्या माळावरून मेंढरांमागं चालत सांगलीला आले होते. मग मेंढरं गेली, हळदीच्या गाड्या आल्या, अडत आली, आणि माळाचं नाव घरात कुणी काढेना. देव्हाऱ्यात बिरोबाचा टाक होता, पण इतर देवांच्या मागं. दारावरून मेंढरांचा कळप गेला की लालासाहेबांची बायको, बनुबाई, खिडकी लावून घेई. म्हणजे या घरात झाकाझाक करणारा मी एकटाच नव्हतो.

मग महायुद्ध आलं. रेल्वेचे डबे लष्कराकडं गेले आणि पेठेत हळद पडून राहू लागली. बाकीच्या अडत्यांनी मिळेल त्या भावाला माल फुंकून टाकला. लालासाहेब थांबले. एक बोट वाढेल म्हणून थांबले. त्यांची सगळी हळद हरिपूरच्या पेवांत होती, जमिनीखालच्या त्या खोल कोठारांत. त्या साली पाऊस उघडायचं नाव घेईना. पेवांत पाणी झिरपलं. तोंड उघडलं तेव्हा जो वास आला, तो कितीतरी दिवस माझ्या काठांतून गेला नाही.

ज्या युद्धानं लालासाहेबांना बसवलं, त्याच युद्धानं माळावरच्या माणसांना उठवलं. पलटणीला घोंगड्या हव्या होत्या, लोकर हवी होती. बिराप्पा हा लालासाहेबांच्याच जातीतला, माळावरचा मेंढका. पूर्वी अडतीच्या पायरीशी पायताण काढून उभा राहायचा. आता गादीवर मांडी घालून बसू लागला. मी त्याला अरेतुरे करतोय, ही अडतीवरची जुनी खोड. पुढं सुटेल.

एका सकाळी बिराप्पा आला. अडत माणसांनी भरलेली होती. तो लालासाहेबांच्या जवळ सरकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "लालासायब, आमच्या आकारामाची बायकू जाऊन लय दिस झालं. घर उगडं पडलंया. तुमच्या अंबूला मागाय आलोय. आन् तुमच्या अडतीचं कानावर आलंय. आपलं मानून काय लागंल ती मदत करीन म्हंतो."

आकाराम म्हणजे त्याचा थोरला. कानाजवळ केस पिकलेले, अंबूपेक्षा वयानं बराच मोठा. लालासाहेब 'नाही' म्हणू शकत होते. 'लेकीला विचारतो' म्हणू शकत होते. नाहीतर उघड 'हो' म्हणू शकत होते. त्यांच्या लोकांत देज, म्हणजे मुलीबद्दल पैसा, घ्यायची चाल होतीच, पण ते चारचौघांत, पंचांसमोर ठरे. लालासाहेबांनी यातलं काहीच केलं नाही. भोवतालच्या माणसांवरून एकदा नजर फिरवली, मला खांद्यावरून ओढलं, बिराप्पाचा हात हातात घेतला आणि वरून टाकलं.

बिराप्पाचा हात दचकला. मेंढरं कातरून राठ झालेला हात होता तो. मग त्यानं जी मदत मनात धरली होती ती बोटांनी सांगितली. भरपूर होती. अडत उभी राहिली असती.

तिथंच मूठ आवळली असती तरी मी म्हणालो असतो, गरजेनं माणूस वाकतो. पण लालासाहेबांची तर्जनी पुढं झाली. सवयीनं, हळदीच्या पोत्यापुढं व्हायची तशीच. एक बोट जास्त.

बिराप्पानं त्यांच्याकडं पाहिलं. मूठ आवळली, हात बाहेर काढला आणि धोतराला पुसला. उठता उठता म्हणाला, "मी मागणी घालाय आलतो, लालासायब. बाजाराला न्हवं."

आपल्या बोटानं काय केलं ते लालासाहेबांना तेव्हा कळलं. मी त्यांच्या मांडीवर पडलो होतो. मला घामानं भिजवून टाकलं त्यांनी. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी झाकलं नसतं तर ते बोट उठलं असतं का?

घरी त्यांनी एवढंच सांगितलं, की आपल्यातलंच खातंपितं स्थळ आलंय आणि आपण शब्द दिलाय. बनुबाई रडल्या. "आवं, सारा जलम ज्यांच्यासाठनं खिडकी लावली, त्यांच्याच दारात लेक धाडताय?" अंबू बापाच्या तोंडाकडं बघत म्हणाली, "आबा, तुमी ठरवलंय न्हवं? मग झालं."

तिच्या त्या विश्वासानं त्यांचं जेवण तुटलं. ताटावर बसले की तर्जनी आखडून घेत, उरलेल्या बोटांनी कसाबसा घास उचलत. बनुबाईंना वाटलं, बोटाला काही लागलंय. तेल चोळायला बसल्या तर त्यांच्यावरच खेकसले. मला त्यांनी खुंटीला लावलं आणि उघड्या खांद्यानं पेठेत जाऊ लागले. लोक विचारत, "लालासाहेब, रुमाल कुठाय?" ते ऐकून न ऐकल्यासारखं करीत.

लग्नात मात्र मला खांद्यावर घ्यावंच लागलं. वरात निघायची वेळ झाली, दारात गाडी उभी. अंबू आईच्या गळ्यात पडली, मग बापाच्या पाया पडली. उठली ती माझं टोक धरून. मला ओढून घेतलं, बापाचा हात हातात घेतला आणि आम्हा तिघांचा तो जुना खेळ मांडला.

भोवतालच्या बायका पदरानं डोळे पुसत हसल्या. "लेकरू अजून खेळतंय बगा बापासंगं!"

अंबू हसत नव्हती. तिनं हळूच विचारलं, "आबा, मला पयल्या भावाला दिली, का बोट वाढवलं?"

तिला कुणी सांगितलं नव्हतं. बापाची रुमालाची सवय मोडली, बोट आखडलं, ते ती रोज बघत होती, आणि या पेठेत वाढलेली मुलगी होती ती. तोंडानं लालासाहेब काहीही सांगू शकले असते. पण तिच्या हातात त्यांचा हात होता, आणि त्या हातानं तिच्याशी कधी खोटा खेळ केला नव्हता. त्यांनी बोट दाबून धरलं. फार जोर लावला. तरी ते पुढं झालं.

अंबूनं ते बोट धरलं. मूठ आवळली नाही, हात झटकला नाही. नुसतं धरून ठेवलं, आणि मग सोडलं. मला घडी घालून काखेला मारलं आणि म्हणाली, "ह्यो मी न्हेते. तुमास्नी आता लागायचा न्हाई."

असा मी माळावर आलो. वाटलं होतं, ही मला चुलीत घालील, आणि तिनं घातलं असतं तरी माझी तक्रार नव्हती. पण पहिल्याच दिवशी आकारामानं विचारलं, "ह्ये कशाचं कापड?" ती म्हणाली, "भाकरीवर झाकायचं." त्यानं दुरडी पुढं केली. कमी बोलणारा माणूस. रोज माळावर निघताना 'येतो' म्हणून मगच निघायचा. अंबू सुखी होती का? ते मला विचारू नका. ती हसायला लागली, पण पुष्कळ दिवसांनी.

सांगलीची अडत काही टिकली नाही. पेवात गेलेलं नाव मदतीनं वर आलं नाही, आणि युद्ध संपल्यावर पेठेत नवे लोक बसले. मग एका दुपारी लालासाहेब माळावर आले. उन्हातून चालत, खांदा उघडा. बिराप्पा पुढं झाले. होय, आता मी त्यांना अहोजाहो करतो. "यावा पावनं," म्हणून त्यांनी स्वतःची घोंगडी अंथरली आणि बापलेकीला बोलू द्यावं म्हणून मेंढरांकडं निघून गेले.

लालासाहेब दुरडीकडं बघत म्हणाले, "अंबे, रुमाल दे जरा."

तिनं मला उचलून दिलं. त्यांनी तिचा हात घेतला, मला वर टाकलं, आणि सारा जीव एकवटून आपला हात झटकला. मी धुळीत पडलो. "मोडला, बाळ," ते म्हणाले. "सौदा मोडला. तू बी म्हण, मोडला."

अंबू ओरडली असती, रडली असती, तर त्यांना सोसलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "आबा, माल पोचल्यावर सौदा मोडत न्हाई. तुमीच शिकवलंय."

लालासाहेबांची मान खाली गेली. अंबूनं मला उचलून झटकलं, माझ्या उजळ टोकानं त्यांचा चेहरा पुसला आणि त्यांच्यापुढं ताट ठेवलं. ते जेवायला लागले, तर्जनी आखडून. भाकरी हातातून निसटू लागली. अंबू बघत होती. मग ती वाकली, ते बोट आपल्या हातानं सरळ केलं आणि म्हणाली, "बोट सोडा, आबा. सारी बोटं लागत्यात भाकरी मोडाय."

त्यांनी पाची बोटांनी भाकरी मोडली. रडत रडत खाल्ली, पण खाल्ली.

आता मी जुना झालोय. काठ विरलेत, मधे भोकं पडलीत, हळदीचा डाग मात्र हटत नाही. माझं एकच मागणं आहे. मला पायपुसणं करा, चुलीवरचं भांडं उतरवायला घ्या, फाडून चिंध्या करा. फक्त दोन हातांवर टाकू नका. अजून मी झाकतोच, पण माझ्याखाली काय आहे ते आता साऱ्या घराला ठाऊक असतं. भाकरी असते.