मौनाच्या अंगणातली काच

भोंगा हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण दुकानात तेच चालायचं आणि हल्ली शाळेतही. तिच्या बाबांचं आणि काकांचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांच्या काचा, आरसे, टेबलावर टाकायच्या जाड काचा. मोठी काच उचलायला दोन माणसं लागतात, आणि दोघांनी ती एकाच क्षणी उचलायची आणि एकाच क्षणी ठेवायची असते. नाहीतर काच तरी जाते, नाहीतर बोट तरी. इतर दुकानांत ती दोन माणसं एकमेकांना "उचल", "थांब", "ठेव" असं सांगतात. इथली दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती, म्हणून मध्ये भोंगा.

म्हणजे व्हायचं असं, की काचेच्या एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला काका. बाबा म्हणायचे, काकाला सांग, उचल. भोंगा ओरडायची, काका, उचला. काका म्हणायचे, तुझ्या बाबांना म्हणावं, मी केव्हाचा तयार आहे. मग तेही ती बाबांना सांगायची. दोघांच्या मध्ये अडथळा म्हणाल तर फक्त काच, तीही आरपार दिसणारी.

भांडण झालं होतं एका आरशावरून. न्हाव्याच्या दुकानातला भिंतभर आरसा दोघं उतरवत होते, काकांनी आपली बाजू सोडली आणि बाबांनी सोडली नाही. आरशाने मात्र दोघांनाही सोडलं. काका म्हणायचे, दादाने खूण केली. बाबा म्हणायचे, केलीच नाही. खूण म्हणजे नेमकं काय, हे भोंग्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, मान हलवत असतील. दुसऱ्या दिवसापासून तिला मध्ये उभं केलं. तेव्हा तिचं डोकं काचेच्या वरच्या कडेपर्यंतही पोचत नव्हतं, पण आवाज पोचायचा.

त्याच आवाजाने यंदा घोटाळा केला. वक्तृत्व स्पर्धेत तिने असा काही सूर लावला की मागच्या रांगेत पेंगणारे परीक्षक ताठ बसले, आणि मोठ्या शहरातल्या होस्टेलच्या शाळेने तिला जागा देऊ केली. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. बाबांना अभिमान वाटला. अभिमान वाटून झाल्यावर ते म्हणाले, सगळं खरं, पण मग काच कोण उचलणार? काकांनीही हेच विचारलं. हाही प्रश्न दोघांनी तिच्यामार्फतच एकमेकांना विचारला, आणि या बाबतीत दोघांचं एकमत आहे हे तिलाच त्यांना कळवावं लागलं.

आईने तोडगा काढला. या दोघांनी तुझ्याशिवाय एक काम, एकच, धडपणे करून दाखवलं तर बाबांना मी बघून घेते. आईने 'बघून घेते' म्हटलं की सहसा बघितलं जातं.

भोंग्याने जागा शोधली. इतिहासाच्या बाईंनी वर्गात सांगितलं होतं, डोंगरांमधल्या दरीत हजारबाराशे वर्षांपूर्वीच्या मठाचे अवशेष आहेत आणि त्याच्या आतल्या अंगणात कुणीही बोलायचं नाही असा नियम आहे. तिथले साधू बोलत नसत, म्हणून. भोंग्याचं गणित सोपं होतं. तिचं तोंड बंद झालं की या दोघांना आपलं उघडावं लागेल. नियम त्या दोघांनाही लागू होतो, ही गोष्ट तिच्या लक्षात आली ती बस घाट उतरायला लागल्यावर. योजनेला काचेइतकंच मोठं भोक होतं, पण तिकिटं काढून झाली होती.

बसमध्ये बाबा पुढच्या बाकावर, काका मागच्या. आईने उकडलेली अंडी काढली. बाबा म्हणाले, काकाला विचार, अंडं हवंय का. काका म्हणाले, सांग त्यांना, हवंय. भोंग्याने अंडं मागे दिलं. खिडकीबाहेर एकाखाली एक अशी दोन तळी होती, पाण्यात उलटे डोंगर, कडेला हिरवंगार गवत. दृश्य इतकं सुंदर होतं की शेजारची बाई डोळे पुसत होती. बाबा म्हणाले, काकाला सांग, मीठ राहिलं.

मठाच्या फाटकाशी राखणदार बाई भेटल्या. त्यांनी आधी बाहेरचं सगळं दाखवलं, कारण बाहेर बोलता येत होतं. एक उंच गोल मनोरा होता, त्याचं दार जमिनीपासून दोन पुरुष वर. संकट आलं की साधू शिडीने चढायचे आणि शिडी वर ओढून घ्यायचे. काकांनी दाराकडे बराच वेळ पाहिलं आणि तुझ्या बाबांना म्हणावं, असं दार आपल्या घरालाही हवं होतं, असं कळवलं. मग उतारावर चुन्याशिवाय रचलेल्या दगडांच्या बुटक्या खोल्या, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या. बाई म्हणाल्या, प्रत्येक खोलीत एकेक साधू, दिवसभर शेजारी शेजारी काम करायचे, पण एकमेकांशी चकार शब्द नाही.

"म्हणजे आपलं दुकानच," आई म्हणाली.

आतल्या अंगणाचं दार इतकं ठेंगणं होतं की बाबांना आणि काकांनाही वाकावं लागलं. तशी दोघांनाही सवय नव्हती. आत शिरताच राखणदार बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. ओढ्याचा आवाज तेवढा येत होता. बाबा एका भिंतीला टेकून बसले, काका समोरच्या. दोघंही मूग गिळून छान बसले. भोंग्याने आशेने आईकडे पाहिलं. आईने नकारार्थी मान हलवली. नुसतं गप्प बसायला काय, तिथले दगडही बसले होते.

अंगणाच्या मधोमध एक कोरीव शिळा जमिनीवर आडवी होती. पावसाने ती झिजू नये म्हणून तिच्यावर काच बसवलेली, आणि नेमकी ती काच आज बदलायची होती. पलीकडच्या दाराने दोन माळी नवी काच घेऊन आले. त्यांनी ती आडवी धरली होती, चहाचा ट्रे धरावा तशी.

मोठी काच आडवी धरून चालायचं नसतं. ती मध्ये वाकते, आणि वाकली की गेली. हे भोंग्याला अक्षरं गिरवायच्या आधीपासून ठाऊक होतं. तिने बाबांकडे पाहिलं. बाबांचा चेहरा कुणी तान्हं मूल पायाला धरून नेताना बघावं तसा झाला होता. समोर काकांचाही तसाच. मग दोघंही उठले, एकमेकांकडे न पाहता, आणि एका क्षणी दोन बाजूंनी काचेपाशी पोचले. माळ्यांनी काही विचारलं नाही. विचारायची सोयच नव्हती.

दोघांनी काच उभी केली. नव्या काचेवर पांढरा कागद चिकटवलेला होता, त्यामुळे काकांना बाबा दिसेनात आणि बाबांना काका. शिळेपर्यंत नेऊन ती चार दगडी खाचांत बसवायची होती. सवयीने तिचं तोंड उघडलं. राखणदार बाईंचं बोट ओठांवर गेलं आणि आईने तिचा दंड धरला. ती तशीच उभी राहिली, तोंड उघडं, आवाज आत.

तेव्हा बाबांनी अंगठीने काचेवर टक् केलं. एकदा.

काच उठली, तरंगत शिळेपर्यंत गेली. मग टक् टक्, आणि काच हळूच कलली, खाली गेली, खाचांत बसली. आवाज काहीच झाला नाही. ओढा वाहत होता.

भोंग्याने तोंड मिटलं. म्हणजे खूण ही होती. आणि इतकी वर्षं ती बेंबीच्या देठापासून ओरडत होती.

फाटकाबाहेर आल्यावर काका म्हणाले, "दादा, आज ऐकू आली."

बाबांनी सवयीने भोंग्याकडे पाहिलं. भोंगा तळं बघत होती. बाबांनी वाट पाहिली. तळं संपेना. मग त्यांनी घसा साफ केला.

"त्या दिवशी दिलीच नव्हती, तर ऐकू कुठून येणार?"

"दिली होतीस. दोनदा."

"न्हाव्याने कात्री आपटली असेल कंगव्यावर."

"मला कात्री आणि अंगठी कळत नाही होय?"

"कळत असती तर आरसा असता."

बसमध्ये दोघं एकाच बाकावर बसले, कारण लांबून नीट भांडता येत नव्हतं. न्हावी त्या वेळी कुठे उभा होता, कुणाची हजामत चालू होती, त्या माणसाला किती केस होते, सगळं निघालं. घाट चढून झाला तरी आरसा काही खाली उतरला नाही. आई डोळे मिटून म्हणाली, झालं तुझं काम, सोमवारी हो म्हणून कळव.

पाचेक मिनिटांनी बाबा मागे वळले. रागाने लाल झाले होते. "भोंग्या, तुझ्या काकाला जरा सांग..."

"तुम्हीच सांगा," भोंगा म्हणाली. "मी होस्टेलला आहे."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. आईचे डोळे मिटलेलेच होते. मग ते पुढे वळले आणि स्वतःच सांगायला लागले.

डब्यात शेवटचं अंडं उरलं होतं. ते कुणाला हवंय का, हे भोंग्याने कुणालाच विचारलं नाही.