आईंची झोप

वाशीच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात गोळी सासू घ्यायची आणि झोप सुनेला लागायची.

ब्याऐंशी साली मधुकरने आईला, सरस्वतीबाईंना, राजापूरकडच्या गावाहून इथे आणलं. जन्म गेला पडवीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारण्यात. त्या कसल्या फ्लॅटचं दार लावून बसतात! दार सताड उघडं, दारात खुर्ची, आणि जिना चढणाऱ्या प्रत्येकाची चौकशी. बदल्यात आपल्या घरातलंही सगळं सांगून टाकायच्या, सुनेच्या बिघडलेल्या आमटीपासून मुलाच्या अडलेल्या प्रमोशनपर्यंत. "तुमच्या घरचा रेडिओ छान लागतो हां," असं समोरची अरुणा हसत म्हणाली, तेव्हा सून सुचित्राच्या डोक्यात तिडीक गेली.

ती एकटीच डॉक्टरकडे गेली आणि म्हणाली, "सासूबाईंना रात्ररात्र झोप नाही." साफ खोटं. सरस्वतीबाई पाठ टेकली की घोरायच्या. मधुकर तेव्हा कारखान्यात रात्रपाळीला, त्याला काय कळणार? डॉक्टरने पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या. त्या दोन वर्षं चालल्या.

दार बंद झालं. सासूबाई खुर्चीत पेंगू लागल्या. तोल जायला लागला म्हणून चक्करेची गोळी आली. मग हात थरथरू लागले, त्याची आणखी एक. त्या गोळीने पोट साफ होईना, त्याचीही आली. सुचित्रा सगळ्या गोळ्या वेळेवर द्यायची. शेजारणी म्हणायच्या, सून असावी तर अशी. ते ऐकताना तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण गोळी काही चुकायची नाही.

मग एक दिवस सासूबाई न्हाणीघरात पडल्या. हाड वाचलं. सेक्टरात नव्याने आलेल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला लावल्या.

"ही चक्कर झोपेच्या गोळीची आहे," त्या म्हणाल्या. "चक्करेच्या गोळीने हात थरथरतात, आणि थरथरीच्या गोळीने पोट साफ होत नाही. यांना आजार कमी, औषधंच जास्त झालीत. एकदम नाही, पण एकेक करून सगळी काढू या. मुळात झोपेची गोळी कशाला सुरू केलीत?"

मधुकरने बायकोकडे पाहिलं.

"झोप येत नव्हती त्यांना," सुचित्रा म्हणाली. या वेळी सासूबाई शेजारीच बसून ऐकत होत्या. त्यांनी फक्त पदर सारखा केला.

त्या दिवसापासून सुचित्रा सुरीने झोपेच्या गोळीचे दोन तुकडे करून अर्धीच देऊ लागली. महिन्याभरात सासूबाईंची मान वर राहू लागली. हातांची थरथर थांबली. एका सकाळी त्यांनी आमटी चाखली आणि म्हणाल्या, "गूळ विसरलीस गो." सुचित्राला रडूच आलं. आनंदाने आलं, आणि भीतीनेही. आता ही बाई पुन्हा बोलणार.

त्याच आठवड्यात मधुकरचे साहेब जेवायला यायचे होते. प्रमोशनचा प्रश्न होता. श्रीखंड झालं, कुर्ड्या तळल्या, आणि संध्याकाळी सुचित्राने गोळ्यांची डबी उघडली. सुरी ओट्यावरच होती, पण तिने ती उचलली नाही. एकच दिवस, असं ती स्वतःला म्हणाली आणि अख्खी गोळी घेऊन आत गेली.

सासूबाईंनी आपणहून तळहात पुढे केला.

"आज अख्खीच दे हो. साहेब यायचेत. माझं तोंड गप्प राहायचं नाही."

"आई, असं काय म्हणता…"

"अगो, मला काय झोप येत नव्हती? पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे मला. पण म्हटलं, हिला माझा त्रास होतो आणि सांगायला लाजत्ये. घेतली झालं. तुझ्या हातून घ्यायची, विष थोडंच होतं?"

त्या हे रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. सुचित्राची मूठ गच्च मिटली. तिने ठरलेला अर्धा तुकडा आणून त्यांच्या हातावर ठेवला, त्यांची खुर्ची उचलून दारात नेली आणि कडी काढली.

साहेबांनी जिन्यातच नमस्कार केला. "कुठले हो तुम्ही?" सरस्वतीबाईंचा आवाज दोन वर्षांनी जिन्यात घुमला. पाठोपाठ प्रमोशनचंही निघालंच. समोरचं दार किलकिलं झालं.

मधुकर लगबगीने स्वयंपाकघरात आला. "आज आईला गोळी नाही दिलीस? झोप कशी लागणार तिला?"

सुचित्राने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"अहो, त्यांना झोप येते," ती म्हणाली. "तेव्हाही येत होती."