मुंजोबासमोरचा अर्धा तास

मी मध्ये उभी होते. उजव्या हाताला कोकिळा, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. डाव्या हाताला तिचा चुलत जेठ अभिमन, एक पाय तिच्या केळीच्या बांधावर. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको जेठाशी बोलत नाही आणि जेठ तिच्याशी. भांडायचं असलं तर मध्ये माणूस लागतो. मी अंगणवाडीची बाई, रजिस्टर काखेत धरून वाटेनं चालले होते, सापडले.

"कमलबाई, तिले सांगा, पाइपलाइन आठूनच जाई."

"अक्का, त्यासले सांग, घड उतरू द्या. दोन महिना. मंग खुशाल खंदा."

"तिले सांगा, मना लिंबू दोन महिना पानीबिगर थांबाव नही."

"त्यासले सांग, केळी निसवेल शे, घड लागेल शेतस. मुळ्या तुटन्यात म्हंजे घडसकट आडवी पडी."

मी कुणाला काही सांगत नव्हते. दोघं चार हातांवर उभे, सगळं दोघांनाही ऐकू जात होतं. मी नुसती मान इकडून तिकडे वळवायची. शेवटी अभिमननं माझ्याकडेही न बघता म्हटलं, "आते बाईमानूसले इचारीसन पाइप टाकाना का मी?" आणि गेला.

तिच्या नवऱ्याला विचारायचं तर तो घरी कुठे असतो? योगराज केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर. पंधरवड्यात दोन दिवस घरी, त्यातला एक झोपण्यात. बाकी दोन म्हशी, अंथरुणाला खिळलेली सासू, गिरणेकाठची ती केळी, सगळं कोकिळाच्या अंगावर. चार वाजता उठते. बसलेली मी तिला पाहिली नव्हती. जेवतानाही एक गुडघा वर, उठायच्या तयारीत.

हे चैत्रातलं. यानंतर नऊ दिवसांनी.

*

चारशे खोडं. कमरेएवढ्या उंचीवर, तिरकस वार. कच्चे घड काळ्या मातीत तोंडावर पडलेले. कापांतून चीक गळून खाली लालसर डबकी झाली होती आणि उन्हानं त्यांवर साय धरली होती. कोकिळा सरीतून चालत गेली, शेवटपर्यंत, आणि परत आली. तिनं प्रत्येक खोडाला हात लावला. चारशेंना.

पोलीस आले. पंचनाम्यात लिहिलं: अज्ञात इसमाने. गावाला तो इसम ज्ञात होता, पण पंचनाम्यावर गावाची सही नव्हती.

योगराजचा फोन ग्वाल्हेरच्या पुढून आला. "मी ई राह्यनू. कोयता काढी ठेव."

"तू गाडी नीट चालाड," कोकिळा म्हणाली. "आठलं मी देखस."

मग मला म्हणाली, "अक्का, माले भरपाई नको. त्या कागदवर त्यानं नाव पाहिजे."

*

जागा सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गावात एक निंब आहे. त्याच्या बुडाशी शेंदराचा मुंजोबा, पुढे दगडी पार. पाराच्या एका अंगाला माझी अंगणवाडी. समोर, पंधरा पावलांवर, अभिमनचं घर आणि त्याचा ओटा. अभिमन सकाळी आठला त्या ओट्यावर बसतो, दाढी करतो, चहा पितो, पेपर वाचतो, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारतो. त्याची अख्खी पाटीलकी त्या अर्ध्या तासात असते.

पंचनाम्याच्या दुसऱ्या दिवशी आठ वाजता कोकिळा डोक्यावर कापलेला घड घेऊन आली. मुंजोबासमोर टाकला. ती शिव्या द्यायला आली होती, जेठाला थेट बोलता येत नाही म्हणून देवाच्या नावानं. आम्ही अंगणवाडीच्या दारात गोळा झालो. पण घड जड होता, दम लागला होता, चारपासून पोटात काही नव्हतं. ती पारावर टेकली. तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. तिनं डोळे मिटले.

अर्धा तास.

अभिमन दाढीचं सामान घेऊन बाहेर आला. तिला बघितलं. परत आत गेला. ते आत जाणं तिनं पापण्यांच्या फटीतून पाहिलं.

म्हणून ती दुसऱ्या दिवशीही आली.

*

माझ्या रजिस्टरचं शेवटचं पान. मुलांच्या हजेरीशी याचा संबंध नाही.

दिवस तिसरा. कोकिळा: हजर. अभिमन: चहा आत.

दिवस चौथा. कोकिळा: हजर. अभिमन: मागच्या दारानं.

दिवस पाचवा. कोकिळा: हजर. समोरच्या दोरीवर अभिमनचा पांढरा शर्ट. छातीवर, बाह्यांवर तपकिरी डाग.

केळीचा चीक कपड्यावरून जात नाही. शर्ट फाटतो, डाग फाटत नाही. आणि अभिमनच्या शेतात लिंबू आहे, कपाशी आहे, केळीचं एक खोड नाही. कोकिळानं डोळे उघडले आणि अर्धा तास त्या शर्टाकडे बघत राहिली.

दिवस सहावा. दोरी रिकामी. कोकिळा रिकाम्या दोरीकडे बघत हजर.

*

हा अर्धा तास तिनं कुठून काढला? मी विचारलं. दोन्ही वेळच्या भाकरी ती पहाटेच थापायला लागली. डेअरीच्या गाडीपर्यंत दूध घेऊन चालत जायची ती पळत जायला लागली. सासूला आठच्या आत आंघोळ. फोन घरी चुलीमागे, पिठाच्या डब्यात.

"आनी तठे बठीसन काय म्हनस मनमा?"

"त्याना हात झडोत म्हनस. त्याना लिंबू सुकोत. त्याना वटावर कुत्रं बठो. एकेक खोड याद करस. पहिलं खोड, मंग दुसरं. चारशे करता करता अर्धा घंटा पुरस नही."

हे तिनं इतक्या शांतपणे सांगितलं की मला तिची भीती वाटली. आणि थोडी मजाही. खोटं कशाला बोलू, अभिमनच्या ओट्यावरून माझ्या अंगणवाडीकडे जे टोमणे यायचे ते आता बंद झाले होते.

*

दिवस अकरावा. अभिमननं पार आणि ओटा यांच्यामध्ये ट्रॅक्टरची ट्रॉली आणून लावली. कोकिळा पाराच्या दुसऱ्या टोकाला सरकली. तिथून ओटा जास्त चांगला दिसतो.

दिवस चौदावा. अभिमननं घरातला स्पीकर खिडकीत ठेवून भक्तिगीतं लावली, मोठ्यानं. कोकिळा: हजर. माझी मुलं नाचली.

दिवस सतरावा. योगराज गावी. बायकोशेजारी पारावर बसला. मांडी बदलली. खिसा चाचपला. मुंग्या मोजल्या. पाचव्या मिनिटाला उठला. "माले नही जमत. त्यानापेक्षा कोयता सोपा शे." ती डोळे न उघडता म्हणाली, "म्हनीसन त्यासनी कोयता लिधा." योगराज निमूट घरी गेला आणि म्हशींना पाणी दाखवलं.

दिवस विसावा. सरपंच तोतारामआबा.

*

"कोकिळा, बेटा, तू आठे काय करस?"

"बठस, आबा."

"कसाले?"

"दिनभर उभी ऱ्हास. आठे बठस."

"मंग घर बठ ना."

"घर बठाले गयं की सासू पानी मांगस, म्हैस आरडस. मुंजोबा काही मांगस नही."

"लोके म्हंतस, तू त्यासले सराप देस."

"मी तोंड उघाडं का? कोनी आयकं का?"

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. मग पंधरा पावलं चालून अभिमनच्या दारात उभे राहिले. आतून अभिमनचा आवाज: "उठनी का?"

"नही."

"तुमी सरपंच शेतस का कोन?"

"सरपंच शे म्हनीसनच. बाईले देवसमोर बठाले मनाई करी, तर पुढली निवडनूक कोनती तोंडवरी लढू?"

*

दिवस चोविसावा. दिपमाला, अभिमनची बायको. तांब्याभर पाणी घेऊन आली आणि कोकिळाच्या बाजूला उकिडवी बसली.

"बहीन, ते जेवतस नही."

"तू जेवस ना?"

"मी जेवस."

"मंग व्हयनं."

दिपमालानं बराच वेळ जमिनीवर रेघा ओढल्या. मग कुणीच काही विचारलं नसताना बोलली. "मी धुई धुई दमनी. मीठ लावं. घरना लिंबू चोळा, धा लिंबू. तरी तो चीक नही गया." ती उठली, तांब्या तिथंच राहिला. कोकिळानं पाणी प्यायलं नाही. मुंजोबाच्या निंबाला ओतलं.

*

दिवस एकतिसावा.

काही घडलं नाही.

*

पण साडेआठला कोकिळा माझ्या दारात आली ती चिडून. असं तिला केळी कापल्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

"अक्का, आज वाया गया."

"काय वाया गया?"

"अर्धा घंटा. मी त्यानं नावच लिधं नही. एक डाव बी नही. खोडं बी याद उनी नही."

"मंग काय करत व्हतीस?"

तिनं खूप विचार केला. भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिली. "काहीच नही."

"डुलकी लागनी व्हई."

"नही वं. जागीच. पाखरूना आवाज उना, गया. वारा उना, गया. मी तठेच." मग एकदम खाली बसली. दोन्ही गुडघे जमिनीला टेकवून. "असं मनं आंग कदी हलकं व्हयनं नही, अक्का. लगीन व्हयनं तठपाईन नही."

आणि लगेच स्वतःवरच भडकली. "सकाय पुन्हा पहिला खोडपाईन सुरू करसू."

ती खरंच लागली प्रयत्नाला. दुसऱ्या दिवशी आधी शेतात गेली. वाळलेल्या चिकाचा वास घेतला, पडलेले काळे घड बघितले, राग पदरात बांधून आणावा तसा घेऊन आली. बसली. दहावं खोड आठवेपर्यंत टिकला. तिसऱ्या दिवशी चौथ्या खोडापर्यंत. चौथ्या दिवशी शेतातून येऊन म्हणाली, "कापेल खोडना बुडपाईन नवी पिलं निंघी राह्यनीत. हाथभर." आणि त्या दिवशी पहिलं खोडही आलं नाही.

मी एकदा करून बघितलं. मुलं गेल्यावर दार लोटून बसले. मोबाइलमध्ये मुलांचे फोटो चढवायचे होते, वजनं भरायची होती, डाळ संपली होती, आणि सुपरवायझरबाई मागच्या महिन्यात मला काय बोलल्या ते अक्षर न् अक्षर आठवलं. तीन मिनिटांत उठले. मला त्या दिवसापासून कोकिळाचा हेवा वाटतो.

पण समोरच्या घरात काय पोचत होतं? पंधरा पावलांवरून बघणाऱ्याला मिटलेले डोळे सारखेच दिसतात. अभिमनला वाटत होतं, आज ती अजून वाईट काहीतरी मागतेय. जितका तिचा चेहरा निवळत गेला, तितका तो घाबरत गेला. पहिल्या दिवसांत तिच्या कपाळावर आठ्या तरी होत्या.

*

दिवस एकेचाळिसावा. आठ वाजून दहा मिनिटं. ऊन असं की पाराचा दगड हाताला चटका देत होता. आया मुलांना सोडायला आल्या होत्या. अभिमन ओट्यावरून उतरला, अनवाणी. दाढी वाढलेली. हातात घडी केलेला शर्ट. तो कोकिळाकडे न बघता तिच्या बाजूनं पुढे गेला आणि शर्ट मुंजोबासमोर ठेवला.

"मुंजोबा," तो दगडाला म्हणाला, "तुले म्हाइत शे. केळी मी कापी."

आया जिथं होत्या तिथं थांबल्या.

"तिले सांग, आते उठ म्हना. माले मना वटावर बठू दे."

कोकिळा हलली नाही. अभिमन माझ्याकडे वळला. "कमलबाई, तिले आयकू उनं का?"

"मी आज मध्ये नही, भाऊ," मी म्हटलं. "मुंजोबालेच इचारा."

मग तिनं डोळे उघडले. मी शेजारी होते म्हणून सांगते, त्या डोळ्यांत राग नव्हता. रस्ता विचारायला कुणी परका उभा राहावा तसं तिनं त्याच्या पायांकडे बघितलं. पदर नाकापर्यंत ओढला. आणि दगडाला म्हणाली:

"मुंजोबा, त्यासले सांग, मना अर्धा घंटाना अजून ईस मिनिट बाकी शेतस. थांबा."

आणि पुन्हा डोळे मिटले.

अभिमन वीस मिनिटं उभा राहिला. तापलेल्या जमिनीवर, एक पाय उचलत, दुसरा टेकवत. गाव जमलं. तोतारामआबा आले. दिपमालानं दारातून चपला फेकल्या, त्या अर्ध्या वाटेत पडल्या, कुणी उचलून दिल्या नाहीत. मी घड्याळ बघत होते. एक मिनिटही कमी नाही.

वीस मिनिटांनी ती उठली. "मुंजोबा, त्यासले सांग, तुले जे सांगं ते ठेसनमा सांगा. शर्ट संगे लई जावा."

आबांनी मोटारसायकल काढली. अभिमन मागं बसला, शर्ट मांडीवर. त्या दिवशी भडगावच्या पोलीस ठाण्यात कागदावर अज्ञात इसम खोडून नाव लिहिलं गेलं. मी जाऊन वाचलं. शुद्धलेखन चुकलं होतं, पण नाव त्याचंच होतं.

*

संध्याकाळी जामिनावर सुटून तो परत आला. दुसऱ्या सकाळी आठला, चाळीस दिवसांत पहिल्यांदा, चहाचा कप घेऊन ओट्यावर बसला. पेपर उघडला.

कोकिळा आली. पारावर बसली. डोळे मिटले.

कप तसाच राहिला. थोड्या वेळानं दिपमाला पळत आली. "बहीन, ते इचारतस, आते काय ऱ्हायनं? नाव दिधं, शर्ट दिधा. आते कसाले?"



साडेआठला कोकिळा उठली तेव्हा मी तिला वाटेत गाठलं. "त्यासले सांगी टाक ना, की तू आते त्यासनासाठे बठस नही. आठ-धा दिन व्हयनात तुले त्यासनं नाव याद नही."

"कसाले सांगू?" ती चालता चालता म्हणाली. "मनी चारशे खोडं इचारीसन कापी का त्यासनी?"

"मुंजोबाले चालस का हाई?"

"मुंजोबानी माले अजून काहीच इचारं नही."

"मंग कव्हलोंग?"

ती थांबली. गिरणेच्या बाजूला बघितलं, जिथं कापलेल्या बुडांतून पिलं वर येत होती. "पिलबाग निसवीसन घड धरीपर्यंत तरी त्यासले काही सांगू नको," ती म्हणाली. "दहा महिना." आणि म्हशींची वेळ झाली म्हणून पळत सुटली.

दिवस बेचाळिसावा. कोकिळा: हजर. अभिमन: हजर. चहा: तसाच.