पोती घाबरत नाहीत

आगीतून लहान मुलं कशी बाहेर काढायची, याचा सराव अग्निशमन केंद्रात आजवर वाळूच्या पोत्यांवर व्हायचा. पोतं उचललं, खांद्यावर टाकलं, बाहेर आणलं, झालं काम! पण दवाखान्याच्या बालविभागातल्या सिस्टर हात धुऊन साहेबांच्या मागे लागल्या.

"पोती घाबरत नाहीत हो. खरी पोरं घ्या."

साहेब वैतागले, पण एकदाचे तयार झाले. गावातल्या एका बालवाडीत बारा पोरं घेतली, खोटा धूर सोडला. जवान आत घुसले, पाच मिनिटांत नऊ पोरं घेऊन आले आणि "खोली रिकामी!" म्हणून मोकळे झाले. अहो, उरलेली तिघं? ती बसली होती कपाटात, एकमेकांच्या तोंडावर हात दाबून! काळा मास्क, पाठीवर टाकी, घरघरणारा श्वास. पोरांनी जवानांना राक्षसच ठरवलं होतं.

सगळे हसले. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. आग खरी असती, तर ही तिघं गेलीच असती.

"महिनाभर दर शनिवारी तुमची माणसं इथं पाठवा," त्या म्हणाल्या.

"आम्हाला दुसरी कामं नाहीत का, सिस्टर?"

"आहेत की. याच्याहून मोठं कुठलं, तेवढं सांगा."

साहेबांनी शनिवारची पाळी लावली.

केंद्रातला सगळ्यांत आडदांड जवान म्हणजे पहिलवान. तो पोरांसमोर सतरंजीवर बसून एकेक वस्तू अंगावर चढवू लागला. पहिल्या शनिवारी मास्क लावताच अर्ध्या वर्गानं भोकाड पसरलं. पहिलवानही रडकुंडीला आला. दुसऱ्या शनिवारी दोन वेण्यांवाल्या एका चिमुरडीनं मास्कवर टकटक केली आणि जाहीर केलं, "आत काका आहे!" चौथ्या शनिवारी ती घरघर जवळून ऐकायला पोरांची भांडणं.

पुढच्याच आठवड्यात बालवाडीत वायर जळाली. भर दुपारी खोली धुरानं भरली. सिस्टर रुग्णवाहिकेतून उतरून धावत आल्या. मदतीला हाका मारायला बाहेर धावलेल्या बालवाडीच्या बाईंनी हजेरीपट पुढे केला: एकोणीस पोरं, सगळी आत. ही पोरं आता लपणार की पुढे येणार?

जवान आत शिरले. घरघर सुरू झाली, आणि धुरातून आरडाओरडा झाला, "काका, इकडे! आम्ही इकडे आहोत!"

फाटकात सिस्टर एकेका डोक्याला हात लावून मोजत होत्या. पंधरा, सोळा, सतरा. पुढे कुणीच येईना. एका आईनं हंबरडा फोडला.

तेवढ्यात पहिलवान बाहेर आला, दोन्ही काखांत एकेक पोर. एक ती चिमुरडी. दुसरा, दोनच दिवसांपूर्वी नाव घातलेला नवा मुलगा. तो पडद्यामागे लपला होता आणि हिनं त्याची कॉलर सोडलीच नव्हती. बाहेर आल्यावरही ती त्याला दटावतच होती, "वेड्या, काकाला कुणी घाबरतं का?"

एकोणीस! सिस्टर तिथंच मातीत बसल्या आणि हसता हसता ढसाढसा रडल्या.

साहेब त्यांच्या शेजारी उकिडवे बसले. "गावात आणखी किती बालवाड्या आहेत हो?"

"एकेचाळीस."

"पहिलवान," साहेबांनी हाक मारली, "तुझे सगळे शनिवार गेले रे बाबा!"